जाड पाइप, बारीक पाइप

थंडोबा हे नाव त्यांना गल्लीनं दिलं, पण स्वभाव बघून नव्हे. स्वभावानं ते चांगलेच तापट. गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात चौतीस वर्षं गेली म्हणून थंडोबा. सुरुवातीला ते या नावावर चिडले, आणि माणूस चिडतो असं एकदा गल्लीला कळलं की नाव जन्माचं चिकटतं. पुढे दुकानाच्या पाटीवरचं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

दुकान विकून आता सात वर्षं झाली, तरी गिऱ्हाईक काही सुटलं नाही. एखाद्या गॅरेजनं दुरुस्तीच्या अंदाजाचा कागद हातात ठेवावा, आकडा बघून माणसाचे डोळे पांढरे व्हावेत आणि त्यानं तडक थंडोबांचं दार गाठावं, हे ठरलेलं. "भाव रास्त आहे का हो?" एवढाच त्याचा प्रश्न. या सल्ल्याचे थंडोबा काही घेत नाहीत. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून, बाह्या दुमडून ते दाराशी खुर्ची टाकून बसतात. ज्या दिवशी कुणी फिरकत नाही, त्या दिवशी त्यांना जेवण अळणी लागतं.

त्यांची रीत ठरलेली होती. कागद आधी वाचायचा नाही. बॉनेट उघडायचं, इंजिन आणि एसी चालू ठेवायचा आणि एसीच्या दोन पाइपांना हात लावायचा. जाड पाइप गार आणि बारीक पाइप गरम लागला, तर कॉम्प्रेसर ठणठणीत. दोन्ही सारखेच लागले, तर दुखणं मोठं. गाडीवाला काय सांगतो त्याकडे ते फारसं लक्ष देत नसत. "तो खोटं बोलत नाही," ते म्हणायचे, "पण त्याला वाटतं ते सांगतो. पाइपाला काही वाटत नसतं."

त्यांच्या उमेदीच्या काळात एसीची गाडी म्हणजे अप्रूप होतं. अख्ख्या गावात मोजून अकरा गाड्या, आणि प्रत्येकीचं दुखणं त्यांना तोंडपाठ. काम झालं की गाडीची एक फेरी मारायची, आणि ती नेमकी दुपारी, बायको डबा घेऊन यायची त्या वेळी. नवीन लग्न, घरात कुरकुरणारा एकच पंखा. दोघं काचा वर करून पुलापर्यंत जायचे. "पुरे आता, दात वाजायला लागले," असं ती म्हणाली की काम पास. एकदा तर ती परक्या माणसाच्या गाडीत गाढ झोपली. मालक न्यायला आला, तेव्हा गॅस अजून तपासायचाय असं सांगून थंडोबांनी त्याला अर्धा तास चहावर बसवून ठेवलं. गिऱ्हाइकाला मारलेली ती एकमेव थाप, असं ते आजही सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज नकळत मऊ होतो.

तर अशा या थंडोबांकडे ऐन उन्हाळ्यात एका दुपारी त्यांची भाची आली. घामानं निथळलेली, हातात कागद.

"मामा, अडतीस हजार सांगितलेत. कॉम्प्रेसर गेला म्हणे."

"बॉनेट उघड."

"उघडते. पण ऐक ना, सकाळी पहिली पाच मिनिटं हवा चांगली गार येते. मग गरम व्हायला लागते."

"बरं बरं. एसी चालू ठेव."

थंडोबांनी जाड पाइप मुठीत धरला. मग बारीक. मग पुन्हा जाड. दोन्ही सारखेच. मग त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. नवीन कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी. एकेका आकड्यावर बोट ठेवत ते खाली आले. कुठे चढा भाव नव्हता.

"भाव रास्त आहे," ते म्हणाले. "देऊन टाक."

भाचीचा चेहरा पडला. "आईच्या कानाच्या मशीनसाठी साठवलेत रे. आता ते पुढच्या वर्षावर गेलं." पण मामाच्या शब्दावर शंका घेणं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. गॅरेजला होकार कळवायला तिनं फोन लावला.

भाचीची आई म्हणजे थंडोबांची थोरली बहीण. हल्ली ती कुणी काही बोललं की नुसती हसते, कारण तिला ऐकू आलेलं नसतं. थंडोबांना वाईट वाटलं, पण दुखणं ते दुखणं. त्याला इलाज काय?

तेवढ्यात मामी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. भाचीला पाणी दिलं, आणि गाडीशी वाकून तिनं जाड पाइपावर हात ठेवला. दुकानात डबा घेऊन यायची तेव्हाही ती असंच करायची, उन्हातून आल्यावर तळहात निववायला.

"अहो, हा तर चांगला गार आहे."

"उन्हातून आलीस म्हणून वाटतंय."

"मी स्वयंपाकघरातून आलेय."

थंडोबांनी पाइप पुन्हा धरला. घट्ट धरला. पाइपावर पाण्याचे थेंब जमलेले त्यांना दिसत होते, बोटं ओली झाली होती, पण गारवा लागत नव्हता. त्यांनी भाचीला हात लावायला सांगितलं. तिनं लावला आणि पटकन मागे घेतला.

"मामा, बर्फ आहे नुसता."

त्या क्षणी त्यांना सुटायला वाट होती. मघाशी एसीनं जोर धरला नव्हता, आत्ता धरला, असं म्हटलं असतं तर भाचीनं मान डोलावली असती. शब्द त्यांच्या ओठावर आलासुद्धा. भाचीच्या हातातल्या फोनमधून पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत होता.

"ठेव तो फोन," थंडोबा म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं. माझ्या बोटांना गार कळत नाहीये."

भाचीनं फोन बंद केला. मामीनं तांब्या उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

मग त्यांना भाचीचं मघाचं बोलणं आठवलं, ज्याला त्यांनी 'बरं बरं' म्हणून वाटेला लावलं होतं. इंजिन थंड असताना हवा गार, इंजिन तापलं की गरम. म्हणजे गारवा तयार होत होता, पण आत हीटरची झडप अडकली होती आणि इंजिनाची धग त्यात मिसळत होती. झडपेची मोटर हाताएवढीही नसते.

"त्यांना सांग, हीटरची झडप आधी बघा. मोटर बदलली तरी चार हजारांच्या वर जाऊ देऊ नकोस. आणि ताईची मशीन याच महिन्यात घे."

भाची गेली. थंडोबा आत आले आणि स्वयंपाकघरात पाटावर बसले. त्यांना भीती वाटत होती. साखरेच्या आजारात बोटं बधिर होतात हे डॉक्टर म्हणाला होता, पण तो इतर लोकांबद्दल बोलतोय असं त्यांनी धरलं होतं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

बायको ओट्यावरचं पुसत राहिली. "गेल्या उन्हाळ्यापासून. आंघोळीच्या कढत पाण्यात हात घालून म्हणालात, विसणाचं गार पाणी जास्त झालं."

"वर्ष झालं? अगं, मग या वर्षात मी किती लोकांना काय काय सांगितलं असेल. कुणाकुणाचे पैसे..."

"कुणाचे नाही गेले."

"तुला काय माहीत?"

"दर वेळी पाणी घेऊन बाहेर कोण येतंय मग? तुम्ही बोललात की मी पाइपाला हात लावून बघायचे. कॉम्प्रेसरचा आवाज ओळखणारा तुमचा कान शाबूत आहे, त्यावरून अंदाज बरोबर निघायचा. चुकलात ते आज."

थंडोबांनी आठवून पाहिलं. खरंच, वर्षभर एकही गाडी अशी नव्हती, की तिच्यापाशी ही तांब्या घेऊन उभी नव्हती. जुनी सवय म्हणून ते मनातल्या मनात सुखावायचे.

"मला आधीच सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही दाराशी बसायचं सोडलं असतंत."

थंडोबांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला आता काही कारणही उरलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "उद्या कुणी आलं तर?"

"मला हाक मारा," ती म्हणाली. "पण तांब्या मी आणणार नाही. पाणी तुम्ही द्यायचं."