पानेकाका आणि मुका झालेला राजा

पानेकाकांच्या पिशवीत आजही एक जुना पाना असतो. कॉम्प्युटरला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण बावीस वर्षं ज्याच्या जोरावर घर चाललं त्याला घरी खुंटीला टांगून येणं त्यांच्या जिवावर येतं. आधी ते नळ दुरुस्त करायचे. मग गुडघ्यांनी संप पुकारला, टाकीवर चढणं बंद झालं, तेव्हा मुलीने त्यांना खुर्चीत बसवून कॉम्प्युटर शिकवला. "बाबा, बसून करायचं काम आहे," ती म्हणाली. बिघडलेले कॉम्प्युटर नेमके बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं.

त्या दुपारीही तिसराच मजला होता. दर जिन्याला थांबत, कठड्याला शिव्यांची लाखोली वाहत काका वर पोचले. दार उघडलं ते घरच्या सुनेने. ती इस्पितळात नर्स होती, रात्रपाळीची. डोळे तांबारलेले, केस कसेबसे बांधलेले. तिने नुसती मान हलवून आतल्या खोलीकडे हात दाखवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

आत तिचे सासरे बसले होते. सगळं घर त्यांना आबा म्हणायचं. छापखान्यात उभा जन्म गेलेला, सुकलेल्या शेंगेसारखा माणूस. मांडीवर दोन्ही हात ठेवून ते कॉम्प्युटरपासून चांगले चार हात लांब बसले होते.

"असे लांब का?" काकांनी विचारलं.

"हात लावला की बिघडतं," आबा म्हणाले. "तुम्हीच बघा."

काकांनी आधी पाणी मागितलं. ते पिता पिता त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली. छापखान्यातल्या कामगारांची एक नाटकमंडळी होती. आबा तिचे प्रॉम्प्टर. तीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. त्या नाटकांचं कुणीतरी टेपवर ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं; मुलाने ते कॉम्प्युटरवर भरून दिलं आणि नोकरीसाठी परगावी गेला. तेव्हापासून रोज दुपारी एक वाजता आबा एक नाटक लावायचे. गेले आठ दिवस पडद्यावर रेघ पुढे सरकते, मिनिटं मोजली जातात, पण राजा बोलत नाही की प्रधान बोलत नाही.

"सूनबाई म्हणाली, काहीतरी दाबलं गेलं असेल तुमच्या हातून. असेलही." आबांनी हात उलटेसुलटे करून पाहिले. "काय दाबलं ते आठवत नाही, हीच तर भीती आहे. म्हणून आता गॅसला हात लावत नाही. इस्त्री नाही. घराची किल्ली शेजारी देऊन ठेवली. उद्या काय उघडं टाकीन, कुणी सांगावं?"

दारात उभ्या सुनेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

काका कामाला लागले. त्यांची रीत नळवाल्याचीच होती. आवाज म्हणजे पाणी, असं ते मनाशी धरून चालत. टाकीत आहे का, पाइपात आहे का, की नळालाच कोरड पडली, हे एकेक टोक पकडून बघायचं. स्पीकरची वायर हलवून पाहिली, घट्ट होती. दिवा लागत होता. कॉम्प्युटरचा आपला असा 'टिंग' वाजवून पाहिला, खणखणीत वाजला.

"पाइप मोकळा आहे," काका म्हणाले.

इंटरनेटवर एक गायीचा व्हिडिओ लावला. गाय अशी हंबरली की आबा खुर्चीत दचकले.

"पाणीही आहे. आता तुमचा हा एकच नळ राहिला." त्यांनी आबांचं नाटक लावलं. राजाचं चित्र नव्हतं, नुसती रेघ. ती मुकाट्याने पुढे निघाली. प्लेअरचा आवाज पूर्ण वर होता. दुसरं नाटक लावलं, तेही मुकं. मग तेच नाटक दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडलं, तर राजाने गर्जना केली, "कोण आहे रे तिकडे!"

"बोलला!" आबा अर्धे उठले.

"थांबा. गडी बोलतोय, पण तुमच्या नेहमीच्या दारातून का बोलत नाही ते बघू." कुठल्या प्रोग्रॅमला किती आवाज द्यायचा, ते ठरवायची एक वेगळी जागा कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रामागे दडलेली असते. तिथे जायला माउसचं उजवं बटण लागतं. काकांनी ते दाबलं. दबेना. बघतात तर बटणाच्या फटीत काडीपेटीची तुटकी काडी खुपसून वर पट्टी चिकटवलेली.

"ते मीच केलंय," आबा ओशाळून म्हणाले. "उजव्या बटणाने भलतंच काहीतरी उघडतं. आपल्याला नको तिथे जायचंच कशाला?"

टेबलावर निळ्या चिकटपट्टीचं रीळ पडलेलं होतं. बटणावरची पट्टी मात्र पांढरी होती, इस्पितळात सुई टोचल्यावर लावतात तसली, कडेने कात्रीने सरळ कापलेली. म्हणजे आबांची पट्टी काढून कुणीतरी ही नवी लावली होती. काकांनी एकवार दाराकडे पाहिलं. सुनेने नजर चुकवली.

त्यांनी पट्टी अंगठ्याखाली झाकत सोलली, काडी काढली आणि ती जागा उघडली. गायीचा आवाज वर, टिंगचा वर. आबांच्या प्लेअरची तेवढी दांडी तळाला आणि वर बंदची खूण.

व्हॉल्व्ह आपोआप बंद होत नसतो. बावीस वर्षांत एकदाही झालेला काकांनी पाहिला नव्हता. एकदा एका जिन्यात उभं राहून त्यांनी हेच मोठ्याने सांगितलं होतं: "पाणी येणार कसं? खालच्यांनी व्हॉल्व्ह बंद केलाय!" एकमेकांच्या घरी वाटीने भाजी पोचवणारी दोन घरं त्या दिवसापासून एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली. पाणी आलं, पण त्या जिन्यात काकांना पुन्हा कुणी चहा विचारला नाही. तेव्हापासून ते जिभेचा नळ जरा कसूनच ठेवत.

"काय निघालं?" आबांनी विचारलं.

"अपडेट," काका म्हणाले. "कॉम्प्युटर आपला आपण नवा होतो अधूनमधून. तेव्हा सरकतं एखादं."

आबा हसले. "तुम्ही भले आहात. पण तीस वर्षं मी नटांना सावरलंय हो. समोरचा सावरून घेतोय ते मला कळतं. मीच केलं असणार. मुलाला कळवतो, आता मला एकट्याला घरात ठेवू नका."

"आबा," सून दारातून आत आली, "मी केलंय ते."

ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"एक वाजला की तुमचा राजा माझ्या उशाशी ओरडायला लागतो. सकाळी नऊला यायचं, घरातलं आवरायचं, अकराला आडवं व्हायचं, आणि एकला 'कोण आहे रे तिकडे!' त्या दिवशी वॉर्डात औषधाची बाटली हातात धरली आणि मला तिच्यावरची अक्षरं लागेनात. दुसरीने वेळीच हात धरला म्हणून बरं." "म्हटलं दोन दिवस बंद ठेवू, मग सांगू. तुम्ही किल्ली शेजारी दिलीत तेव्हा तर जीभच उचलेना."



"आठ दिवस," आबा म्हणाले, "माझं डोकं गेलं म्हणून बसलो होतो मी. आठ दिवस."

"हो."

"मी तर हळूच लावतो गं."

"आबा, छापखान्यातल्या यंत्रांनी तुमचा एक कान नेलाय. तुमचं हळू खालच्या दुकानापर्यंत जातं."

काकांना हसू फुटलं; त्यांनी ते खोकल्यात घातलं. आबांनी मात्र पाहिलं. "हसा, हसा. जन्मभर कुजबुजून नाटकं तारली, पहिल्या रांगेला कधी ऐकू गेलो नाही. आणि म्हातारपणी घरची पोर झोपेविना मारतोय." ते सुनेकडे वळले. "विंगेतल्या माणसाला खुणेने सांगितलं असतंस तरी कळलं असतं."

"हेडफोन आणून दिला होता ना तुमच्या मुलाने."

"तो डोकं आवळतो. शिवाय दारावरची बेल कळत नाही."

काकांनी भिंतीवर बोटं वाजवली. स्पीकर ज्या फळीवर होते ती फळी खिळ्यांनी भिंतीत ठोकलेली, आणि भिंतीपलीकडे सुनेचा पलंग. भिंतीतला पाइप वर वाजला की खालच्या घरात कसा ऐकू येतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी स्पीकर उतरवले, टेबल पलीकडच्या खिडकीशी ओढलं, पिशवीतला फोमचा तुकडा कापून स्पीकरखाली घातला आणि एक स्पीकर आबांच्या बऱ्या कानाजवळ आणून ठेवला.

"आता सूनबाई, तुम्ही आत जा. दार लावून पडा. आम्ही आवाज चढवत नेतो. ऐकू आलं की भिंतीवर टकटक करा. टाकीवरचा आणि खालचा असे आम्ही पाइपावर ठोकूनच बोलायचो."

ती आत गेली. काकांनी माउस आबांच्या हाती दिला. आबांनी हात मागे घेतला.

"घ्या. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही, हे आता तिघांना ठाऊक आहे."

आबांनी दांडी वर सरकवली. दहा. राजा आला, कुजबुजत. पंधरा. वीस. पंचविसाला भिंतीवर टकटक झाली. आबांनी घाईने दांडी खाली घेतली, बावीसवर. टकटक. वीस. पुन्हा टकटक, पण हलकी. अठरा.

दोघं भिंतीकडे बघत बसले. राजा बोलत होता, प्रधान उत्तर देत होता. भिंत गप्प होती.

"जात नसेल आता ऐकू," काका हळू म्हणाले.

"किंवा झोपली असेल."

विचारायला कोण जाणार? काकांनी पान्याचा खडखडाट होऊ नये म्हणून पिशवी दोन्ही हातांनी उचलली. आबांनी खुर्ची स्पीकरजवळ ओढली आणि दांडी आणखी एक खाली घेतली, सतरावर. राजा एका वाक्याशी अडला तसे त्यांचे ओठ त्याच्याआधी हलले, आवाज न करता. काका निघाले तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि खुणेने सांगितलं: जाता जाता शेजारून माझी किल्ली मागून आणून द्या.