स्वाती खाली आणताना

सूर्य नुकताच बुडाला होता. तारे दिसू लागले होते आणि क्षितिजाची रेघ अजून पुसली नव्हती. ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायची ती हीच वेळ. मी शिकाऊ अधिकारी होते आणि निवृत्तीला आलेले आमचे कॅप्टन मला शिकवत होते. सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाच्या आरशातून तारा खाली आणून क्षितिजाला अलगद टेकवायचा असतो आणि त्या क्षणाची वेळ टिपायची असते. ते दाखवायला त्यांनी सेक्स्टंट डोळ्याला लावला, आणि मला त्यांचे हात थरथरताना दिसले. स्वातीचा तारा काही टेकेना.

मीच ओशाळले. शिकवणाऱ्या माणसाचं म्हातारपण असं अचानक समोर आलं, की नजर कुठे ठेवावी कळत नाही.

“ढग आलेत वाटतं, सर,” मी म्हणाले.

त्यांनी स्वच्छ आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ढग कुठे आहेत गं? माझे हात हलतात. घे, तू बघ. मी वेळ टिपतो.”

माझे कान तापले. आपण ज्याला मान राखणं म्हणतो, त्यात समोरच्याला आपली कीवच दिसत असते.

“घाई करू नकोस,” ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले.

हळूहळू स्वाती खाली आली, पाण्याला टेकली. मी तसं सांगितलं. त्यांच्याकडे वळून पाहणं मात्र मला जमलं नाही.