चिचगडची लाल गाडी

एकतीस वर्षं मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. भुताखेतांची, चमत्कारांची बातमी टेबलावर आली की ती थेट टोपलीत जायची. खालचा मजकूर दुसऱ्या कुणी पाठवला असता तर त्याचीही गत तीच झाली असती…

तरुणपणी गोंदियात माझ्याकडे एक स्पोर्ट्स कार होती – लाल, दोन दारांची, कापडी टपाची, जुनी विलायती. सव्विसाव्या वर्षी मी ती विकली. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. पूजेचा झेंडूचा हार अजून बॉनेटवर होता. घेणारे चिचगडचे धनलालभाऊ – धानाची शेती, हिरड्या-बेहड्याचा व्यापार, आणि हौस. 'सुटे भाग मिळत नाहीत' असं मी सगळ्यांना कारण सांगितलं. पश्चात्ताप महिनाभरातच सुरू झाला आणि आजतागायत थांबलेला नाही. तरीही पस्तीस वर्षांत मी चिचगडला एकदाही गेलो नव्हतो.

या मार्चमध्ये गेलो. धनलालभाऊ गेल्या पावसाळ्यात वारले आणि गाडी अजून त्यांच्या अंगणातच आहे, असं कळलं होतं. ती परत विकत घ्यायची, एवढंच ठरवलं होतं. देवरीहून बसनं पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. धनलालभाऊंच्या पत्नी मीराबाई ओसरीत तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मी नाव सांगण्याआधीच म्हणाल्या,

"या जी भाऊ. डोळा बरा झाला का?"

गेल्या वर्षी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. चिचगडमध्ये ते कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाले कायले लागते? पट्टी बांधूनच त आले होते." मग आत पाहून त्यांनी सुनेला हाक मारली, "अवो, गाडीवाले भाऊ आले. अवंदा लवकरच आले!"

मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या. दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी येतो. गाडी पुसतो. स्टिअरिंगमागे थोडा वेळ बसतो. चहा घेतो आणि पायीच निघून जातो. मी म्हणालो, गाडी विकल्यापासून आज पहिल्यांदाच इथे आलोय. सासू-सून दोघी हसल्या.

"पेपरवाले खोटं बोलते, आयकलं होतं," सून म्हणाली. "हे त तोंडावर बोलून राहिले!"

गाडी टिनाच्या छपराखाली उभी होती. टप फाटलेला, चारही चाकं बसलेली. मी किंमत विचारली.

मीराबाईंचं सूप थांबलं. "मागच्या साली मीच म्हटलं, फुकट घेऊन जा. हे गेले, आता कोण पाहणार? तुमीच म्हणले – नको बाई, इथंच राहू द्या, नेली त मले यायले जागा राहणार नाही. मी शब्द देल्ला. भंगारवाल्याले परत धाडलं. आता तुमीच काऊन मन बदलवून राहिले?"

खात्री करायची म्हणून मी विचारलं, "गाडी मी का विकली, काय सांगितलं होतं मी?"

"वळणावरची बैलगाडी," त्या म्हणाल्या. "धडकाले वीतभर राहिली होती म्हणे. गाडीवान झोपला होता. मंग तुमाले चालवाचं भ्याव वाटे."

ते देवरीच्या रस्त्यावर घडलं होतं. मी गाडीत एकटाच होतो. गाडीवान जागाही झाला नव्हता. ही गोष्ट मी माझ्या पत्नीलाही कधी सांगितलेली नाही.

पुन्हा किंमत विचारली नाही.

नंतर शक्यता तपासल्या. कुणी तोतया येत असेल? म्हाताऱ्या बाईचा भ्रम असेल? सुनेनंही त्याला दरवर्षी पाहिलंय. आणि पट्टी, बैलगाडी… यांचा हिशेब कशातच लागत नाही.

निघताना मीराबाई फाटकापर्यंत आल्या. "राग नोका मानू जी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या. जेवूनच जा."

मी हो म्हणालो. पण आता वाटतं, त्या दिवशी आपण घरीच थांबावं, त्यालाच जाऊ द्यावं. पस्तीस वर्षं त्यानं ती गाडी सांभाळली. मी ती विकली होती.