एनच्या डोक्यावरची लाट

माझी आत्या बंदरावरच्या खलाशी नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं टंकलेखिका होती. धक्क्यावरचे लोक तिला टकटकबाई म्हणत आणि तिला ते आवडायचं. देशोदेशीचे खलाशी तिथे यायचे. कोण कुठल्या जहाजावर किती वर्षं होता, याचा दाखला आत्या टाइप करून द्यायची.

त्यांच्या नावांत साधी इंग्रजी अक्षरं पुरायची नाहीत. कुणाच्या ईवर तिरपी रेघ, कुणाच्या यूवर दोन टिंबं, कुणाच्या सीखाली शेपूट. टाइपरायटर होता तोवर आत्याचं काही अडलं नाही. अक्षर मारायचं, एक घर मागे यायचं आणि त्याच अक्षरावर अवतरणचिन्ह मारायचं. यंत्रातून जी खूण निघायची नाही ती बारीक टाकाने हाताने काढायची. मग कॉम्प्युटर आले आणि खुणा गेल्या. तिने तेव्हा साहेबांना विचारलं होतं. नाव वाचता आलं म्हणजे झालं, खुणा कोण बघतंय, असं ते म्हणाले. आत्याला ते टोचत राहिलं.

पंधरा वर्षांनी जहाजावरचा एक आचारी निवृत्तीचा दाखला न्यायला आला. त्याने दाखला वाचला, नीट घडी घातली आणि पुन्हा उघडला. मग त्याने आत्याला समजावून सांगितलं की त्याच्या आडनावात एनच्या डोक्यावर लाटेसारखी रेघ असते. ती असली तर त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ खडक. नसली तर दुःख.

"माझे आजोबा खडक, वडील खडक," तो म्हणाला. "आणि तुमच्या कागदांवर मी पंधरा वर्षं दुःख आहे, बाई."

तो भांडायला आला नव्हता, म्हणूनच आत्याला ते जास्त लागलं. हाताने रेघ काढून द्यायची तर कॉम्प्युटर आल्यानंतरच्या नियमाप्रमाणे छापील दाखल्यावर पेन चालत नव्हतं. ती म्हणाली, "सोमवारी या." तो गुरुवार होता.

त्याच वर्षी कार्यालयातल्या सहाही लॅपटॉपवर लिनक्स हे नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते बसवणारा माणूस महिन्यातून एकदा यायचा आणि नुकताच येऊन गेला होता. आत्या तेव्हा छप्पन्न वर्षांची. तिने डबा बाजूला सारला आणि सेटिंग उघडून बसली. कीबोर्डच्या यादीत तिला एक आंतरराष्ट्रीय मांडणी सापडली. तीत अवतरणचिन्ह दाबलं की पडद्यावर काहीच उमटत नाही. यंत्र थांबून राहतं आणि पुढचं अक्षर दाबलं की खुणेसकट उमटतं. आत्या हरखून गेली. संध्याकाळपर्यंत तिने सहाही लॅपटॉपवर ती मांडणी लावली आणि घरी गेली.

शुक्रवारी सकाळी कार्यालयात गोंधळ. कुणाचं अवतरणचिन्ह उमटेना, कुणाच्या मजकुरात भलतीच अक्षरं. हेडक्लार्कना तर यंत्र आतच घेईना. त्यांच्या पासवर्डात अवतरणचिन्ह होतं. ते कुठे आहे हे शोधायला त्यांना अख्खा पासवर्ड आत्याला सांगावा लागला, आणि तो निघाला त्यांच्या बायकोचं लाडाचं नाव. दिवसभर लोक गालातल्या गालात हसत होते. आत्याने एकेका टेबलाशी जाऊन माफी मागितली आणि सगळं होतं तसं करून ठेवलं. साहेब म्हणाले, "बाई, आता सोडा हा नाद."

तिने सोडला नाही. शनिवारी अर्धा दिवस असायचा. सगळे गेल्यावर ती शब्दकोश शेजारी घेऊन मदतीची पानं ओळीओळीने वाचत बसली. चूक कुठे झाली हे तिला कळलं होतं. रोजच्या कळांना हात लावायला नको होता. चार वाजता तिला हवी ती गोष्ट सापडली. कुणी फारशी वापरत नाही अशी एकच कळ जोडकळ म्हणून नेमायची. ती दाबून सोडली, मग खूण, मग अक्षर दाबलं की दोन्ही एक होतात. बाकी कीबोर्ड जसाच्या तसा. तिने उजवीकडची आल्ट नेमली. ती दाबली, मग नागमोडी रेघ, मग एन.

तिने तिथूनच माझ्या बाबांना फोन केला.

"दादा, आली!"

"कोण आली?"

"लाट आली रे, एनवर."

बाबांना काही कळलं नाही, पण बहिणीचा तो आवाज त्यांनी फार वर्षांनी ऐकला होता. संध्याकाळी आमच्या घरी ती चहा पिताना हाच क्रम टेबलावर बोटांनी वाजवून दाखवत होती.

सोमवारी आचारी आला. आत्याने दाखला त्याच्यासमोर टाइप केला आणि छापून हातात दिला. त्याने आडनावावरून अंगठा फिरवला आणि ते मोठ्याने उच्चारलं. आत्याला म्हणायला लावलं. तिचं पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. साहेब दारात उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, मधल्या वर्षांतली बाकीची नावं किती असतील?

ती दोन हजार तीनशे बारा निघाली. आत्याने प्रत्येक नाव खलाशाच्या स्वतःच्या सहीशी ताडून पाहिलं आणि दुरुस्त केलं. दोन वर्षं लागली. एका नावात वर रेघ आणि खाली शेपूट असं अक्षर होतं, ते जोडकळीलाही येईना. तेव्हा तिने जोडकळीच्या फाईलमध्ये स्वतःची एक ओळ लिहिली आणि ते अक्षरही आणलं. सगळ्या जोड्या तिने एका कागदावर सुवाच्य अक्षरात मांडल्या आणि प्रत्येक टेबलाला एक प्रत दिली. हेडक्लार्कनी सगळ्यात आधी पाठ केल्या.

आत्या निवृत्त झाल्यावर मी एकदा कामासाठी दुसऱ्या बंदरावर गेले होते. तिथल्या खलाशी कार्यालयात, खिडकीशेजारच्या भिंतीवर तिच्या हस्ताक्षरातला तो कागद चिकटवलेला होता. प्रतीवरून काढलेली प्रत, जरा पुसट. तिथल्या टंकलेखिकेने सांगितलं, याच्याशिवाय आमचं पान हलत नाही, कुणी केलाय कोण जाणे.

"माझ्या आत्याने," मी म्हणाले, आणि तिने पुढे केलेल्या खुर्चीत बसून तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.