घरमालकाची स्लॅब आणि माझा ड्रायर

तोंडावर मी त्याला ‘सर’च म्हणायचे. आता म्हणायची गरज नाही.

दारव्ह्याला आम्ही त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. मी सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत दाल मिलवर सुपरवायझर. घरमालक रिटायर्ड हेडमास्तर. जिना चढतानासुद्धा वर्गात शिरल्यासारखा खाकरायचा.

आमची मशीन दोन टबांची. एकात कपडे धुवायचे, दुसऱ्यात, म्हणजे ड्रायरमध्ये, गरगर फिरवून पाणी काढायचं. त्या पावसाळ्यात ड्रायर ओरडायला लागला. आधी घरघर, मग पत्र्यावर कोणी दगड घासावा तसा आवाज. मला रोज धुतलेला युनिफॉर्म लागायचा आणि उन्हाचा पत्ता नव्हता, म्हणून मी तो तसाच चालवायचे. दुरुस्त करावा की नवीन मशीन घ्यावी, हे काही ठरत नव्हतं. नवरा म्हणायचा, “चालून राह्यला ना? मंग चालू दे.” त्याचं जगातल्या सगळ्याच गोष्टींबद्दल हे मत आहे.

एका सकाळी घरमालक वर आला. हातात पाण्याचा पेला. तो त्यानं आमच्या फरशीवर ठेवला, मला ड्रायर लावायला सांगितलं आणि स्वतः पेल्यासमोर उकिडवा बसला. जन्मभर पोरांना शिकवलेला माणूस पेल्यातल्या पाण्याकडे टक लावून बघत होता. पाणी थोडं थरथरलं.

“पाहिलंत, सिस्टर? ही कंपनं माझ्या स्लॅबला भेगा पाडत आहेत.”

“कुठं आहेत भेगा, सर?”

“आज नसतील. पुढे पडतील. अशा जुनाट यंत्राची दुरुस्ती करणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. नवीनच घ्या.” त्याचं बोलणं नेहमी असंच, फळ्यावर लिहिल्यासारखं. उठताना त्यानं खिशातून यवतमाळच्या एका दुकानाचं कार्ड काढून मशीनवर ठेवलं.

मग स्लॅबनं माझा पिच्छाच पुरवला. गेटवर स्लॅब, जिन्यात स्लॅब. एकदा तर मी वॉर्डात पेशंटला सलाइन लावत असताना हा दारात उभा, स्लॅबची आठवण करून द्यायला. नवऱ्यानं तर हातपायच गाळले. “घेऊन टाकू ना नवीन. खोली सोडा म्हणला तर कुठं जाऊ? कायले त्याच्या तोंडी लागतं?” भिणारा आणि भिववणारा, दोघांचाही मला सारखाच वीट आला. पण रोजची कटकट नको म्हणून मीही शेवटी हो म्हटलं. रविवारी यवतमाळला जाऊन नवीन मशीन आणायची ठरली.

आदल्या दिवशी घरमालकीण गरम भजी घेऊन वर आली. बाई साधी, मनात आलं ते बोलणारी.

“उद्या जाऊन राह्यल्या म्हंता दुकानात? लय बरं झालं माय. जावयाचं दुकान चालतच नाही. पोरगी फोनवर रडत असते.”

भजं माझ्या हातातच राहिलं. मला सगळं माहीत असेल असंच ती धरून चालली होती.

लेकीसाठी बाप शब्द टाकतो, त्यात लाज कसली? सरळ म्हणाला असता तर मी त्याच दुकानात गेले असते, आनंदानं. पण मागायचा कमीपणा वाटला त्याला. मला खोटंनाटं सांगून घाबरवायचा नाही वाटला.

रविवारी मी यवतमाळला गेले नाही, मेकॅनिकला बोलावलं. तोही एक नमुनाच. अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. ड्रायरचा ब्रेक घासत होता आणि खालचं रबर फाटलं होतं, ते त्यानं बदललं आणि जाताना काळे हात माझ्या भिंतीला पुसून गेला. घरघर थोडी उरली, ओरडणं थांबलं.

संध्याकाळी खाकरणं जिना चढून आलं.

“दुरुस्ती केलीत? मी काय सांगितलं होतं?”

“सर, जावयासाठी गिऱ्हाईक पाहिजे होतं तर तसं म्हणायचं होतं. स्लॅब कायले मधात आणली?”

फळ्यावरची मराठी एका क्षणात पुसली गेली. “तुमाले कोनं सांगतलं?”

सांगायची गरजच नव्हती, घरात दुसरं होतं कोण? तो तरातरा खाली गेला. मग त्याचं बोंबलणं वरपर्यंत ऐकू येत राहिलं. बाईचा आवाज एकदाही आला नाही. स्लॅबची एवढी काळजी असलेला माणूस बायकोवर ओरडताना भिंतींचा विचार करत नव्हता.

“झालं समाधान?” नवऱ्यानं विचारलं. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. मी खाली गेले असते तर तिलाच आणखी ऐकावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात त्यानं खोली खाली करायला सांगितलं. बस स्टँडमागे दुसरी खोली मिळाली, मशीन टेम्पोत घालून नेली. पुढच्या भाडेकरूला त्यानं खोली नव्या मशीनसकटच दिली म्हणे, आणि त्या मशीनचं भाडं वेगळं.

पुढं एकदा बाजाराच्या दिवशी घरमालकीण भेटली. तोंड फिरवेल असं वाटलं होतं, पण तिनंच मला हाक मारली. जावयाचं दुकान बंद पडलं होतं, लेक-जावई आता सासऱ्याकडेच राहायला आले होते.

“आणि सर कसे हायेत?” मी विचारलं.

“हायेत,” ती म्हणाली आणि वांगी निवडायला वळली.