आंतोन सरांचे हात

काल पुतणीच्या शाळेत गेले, तर तिथे मुलं बँडची वाद्यं घासत बसली होती. त्या पितळेच्या पॉलिशचा वास नाकात शिरला आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

माझगावात चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आमच्या बँडची तालीम चालायची, तिथे हाच वास भरलेला असायचा. मी परळहून क्लॅरिनेट घेऊन जायचे. एका दुपारी आमचे बँडमास्तर आंतोन सर अचानक म्हणाले, "सुजाता, रविवारी मिरवणुकीत बँड तू चालवायचा. ये पुढे."

मी पुढे उभी राहिले. घामाने कुर्ता पाठीला चिकटला होता. हात खाली आणला, तर ट्रम्पेट आधी वाजला आणि ड्रम मागाहून.

"सर, एकदा करून दाखवा ना."

"दाखवायचं काय त्यात? हात वर ने, श्वास घे. तेपण तुझ्याबरोबर घेतील. मग हात खाली."

परत चुकलं. "तू त्यांच्या मागे धावतेस गं! त्यांना तुझ्या मागे येऊ दे."

सर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसले होते. कितीदा विनवलं, पण त्यांनी हात काही बाहेर काढले नाहीत. मला भयंकर राग आला. त्याच रागात श्वास घेतला, हात खाली आणला आणि सगळे एकदम वाजले.

सरांना कंपवात होता, हे त्यांच्या बायकोकडून मला वर्षभराने कळलं.

त्या रविवारी मिरवणूक छान झाली. संपल्यावर शाबासकी द्यायला सरांनी सगळ्यांदेखत हात पुढे केला होता. मी अजून रुसलेलीच होते. पाहिलं न पाहिल्यासारखं करून मी वळले.