पुलाच्या अलीकडे

निमकर काकूंमुळे मला आई भेटली. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

काकू इथे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी जवळच्या एका इंडियन हॉटेलात तंदूरवर. शाळा नववीत सुटली. जर्मन कागद दिसला की अजून हाताला घाम येतो. काकू कुणाला निरोप देताना 'अच्छा' म्हणत नाहीत. "पासपोर्ट, कार्ड, डोकं?" असं विचारतात. आपण खिसे चाचपले की म्हणतात, "गेनाऊ! बरोब्बर! आता जा."

माझ्या इथे राहायच्या परवान्याच्या कार्डाची मुदत संपली होती. नवं येईपर्यंत परदेशी लोकांच्या कचेरीने एक तात्पुरता कागद दिला. तो फाटू नये म्हणून मी, आपल्याकडे दाखल्याला करतात तसं, लॅमिनेशन केलं. हॉटेलात मेन्यूसाठी मशीन होतंच.

आई तेव्हा ताईच्या बाळंतपणासाठी फ्रान्सला, स्ट्रासबुर्गला आली होती. चार वर्षांत तिला पाहिलं नव्हतं. सोमवारी ती परत जाणार, मला सुट्टी फक्त रविवारची.

काकूंनी कागद उजेडात धरला. "हे काय रे? बटर चिकन कुठे लिहिलंय यात?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "पोलीस म्हणतील, कागदाशी छेडछाड केली. हल्ली सीमेवर तपासतात. परत येताना अडकलास तर? नवा कागद मिळेल, पण कचेरीतली वेळ, टर्मिन, पुढच्या आठवड्याची."

"काकू, आई सोमवारी चाललीय."

"मग तू जाऊ नकोस. त्यांना येऊ दे."

"तिचा व्हिसा फ्रान्सचा आहे."

"फ्रान्सने दिला म्हणून फ्रान्सपुरता नसतो, वेड्या. शेंगेनचा आहे ना? इथेही चालतो. पासपोर्ट तेवढा जवळ हवा."

रविवारी त्या मला केलला घेऊन गेल्या. ऱ्हाईनच्या अलीकडचं हे जर्मन गाव. पलीकडे स्ट्रासबुर्ग, मधे पुलावरून ट्राम. आई एकटी यायला घाबरत होती, ताई ओली बाळंतीण. "तू इथेच थांब. पुलाकडे पाऊलसुद्धा टाकायचं नाही," असं बजावून काकू गुडघ्याला पट्टा बांधून स्वतः गेल्या.

तासाभराने एका ट्राममधून त्या उतरल्या. मागे साडीवर ताईचा कोट घातलेली आई.

"वाळलास रे," आई म्हणाली. माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून ठेवला, मग काकूंकडे वळली. "अहो ताई, पण दुसरा देश लागला कुठे? मला दिसलाच नाही."

"मलाही दिसत नाही. पासपोर्ट आत ठेवा बघू आधी."

संध्याकाळी काकूंनीच तिला पोचवलं. एका दिवसात चार वेळा नदी ओलांडली, आणि स्ट्रासबुर्गात पाहिला फक्त ताईच्या घराचा जिना. परतीच्या गाडीत गुडघा चोळत म्हणाल्या, "तिथलं मोठं चर्च फार सुंदर आहे म्हणे. राहिलं बघायचं."

माझं कार्ड आलं की पहिल्याच रविवारी काकूंना पलीकडे नेणार आहे. डबा मी करीन. बसत-उठत, सावकाश, चर्च दाखवीन. आणि निघताना दारात उभा राहून मी विचारीन, "काकू, पासपोर्ट, कार्ड, डोकं?"